पिठाच्या डब्यातली रबरी टोपी

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. भावापाशी नाही, बरोबरीच्या नर्सेसपाशी नाही, देवापुढे बसते तेव्हा तिथेही नाही. तिथे तर मी मुद्दाम भलत्याच गोष्टी काढत बसते, गुडघ्यांच्या नाहीतर भाचीच्या लग्नाच्या. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. मधेच मी इकडेतिकडे वळायला लागले तर समजून घ्या — नको, समजून नका घेऊ. नुसतं ऐका.

मी नर्स होते. मोठ्या दवाखान्यातली नव्हे, खेड्यातल्या उपकेंद्रातली. म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट, तपासणीचा बाक आणि त्याच्यापुढे दोरीवर टाकलेली चादर. मागच्या खोलीत माझा स्टो आणि माझी वळकटी. मानवत आणि पाथरीच्या मधे आत कुठेतरी ते गाव होतं. नाव सांगत नाही, लोक अजून आहेत तिथे. आठवड्यातून एकदा मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरसाहेबांची बोलणी खायची, बाकी सहा दिवस बाळंतपणं, लसी आणि ऑपरेशनच्या केसेस. केस म्हणजे मुलं बंद करण्याच्या ऑपरेशनला तयार झालेली बाई. मार्चअखेरचा आकडा भरायची वेळ आली की आम्हाला झोपेतसुद्धा केसेस दिसायच्या. गावातल्या बायका मला येताना बघून सुना आत पाठवायच्या, त्याचं मला हसू यायचं. म्हणजे वरवर यायचं.

मला त्या गावात तीन वर्षं झाली होती आणि माझ्याकडे बसायला म्हणून कुणी येत नव्हतं. कामाला यायचे, रात्री-अपरात्री दार वाजवायचे, सुईण हरली की मलाच हाका मारायचे. पण बसायला? मी टाकलेली बाई होते. नवऱ्याने अकराव्या महिन्यात माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला आलाच नाही. कारण काय, ते त्याने कधी सांगितलं नाही. भावाने मला नर्सिंगला घातलं म्हणून मी उभी राहिले. ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितली नव्हती, आणि गावात ती सगळ्यांना माहीत होती. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण शेवटी, सगळ्या आपापल्या घरी गेल्यावर.

प्रयाग मात्र यायची.

ती मुंजाजीची बायको. घर माझ्यापासून वीसेक पावलांवर, मधे हापसा. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आणि दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जायची, पार उन्हाळा लागेपर्यंत. दोन मुली होत्या, शोभा पाच वर्षांची आणि धाकटी मंगल, दोन वर्षांची. तिसऱ्या वेळी मुलगा झाला, तो मेलेलाच. आणि त्या बाळंतपणात प्रयागही जवळजवळ गेलीच होती. मी तिला बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणली, तिथून मालाच्या ट्रकने परभणीला. वाटेत तिने माझा पदर असा धरून ठेवला होता की पुढे त्या लुगड्याचा तो कोपरा कधी सरळ झालाच नाही. ती वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, निदान तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत. सांगणं सोपं असतं.

कारण करायचं काय? ऑपरेशन — सासू म्हणाली, घरात पोरगा नाही आणि कशाचं ऑपरेशन. गोळ्या मी दिल्या. त्या खाऊन तिला उलट्या व्हायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची, खुरपणीत एकदा ती उभ्याची आडवी झाली. तांबी बसवली तर इतकं अंगावरून जायला लागलं की महिन्यात काढावी लागली. निरोध मुंजाजी घरी घेऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता तो, पण सासू एकाच खोलीत झोपायची आणि दोन दिवसांनी त्याचे फुगे करून पोरी गल्लीत हिंडल्या. त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही.

एक दिवस ती आली, बाकावर बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "बाई, आता चौथ्यांदा राहिलं तर मी न्हाई उठायची. पोरी कुणाच्या तोंडाकडं बघतेल?"

माझ्या कपाटात खालच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. तो सरकारी नव्हता. परभणीला ट्रेनिंगला असताना आम्हाला शिकवायला एक म्हाताऱ्या लेडी डॉक्टर होत्या. त्यांच्या तरुणपणी बायकांना रबरी टोप्या द्यायचे, वाटीसारख्या, काठाला स्प्रिंग असलेल्या. आत बसवायची, गर्भाशयाचं तोंड झाकायचं, बस्स. पोटात औषध नाही, रक्तात काही भिनत नाही, नवऱ्याला विचारायचं नाही. पुढे सरकारला त्यात गंमत वाटेनाशी झाली. एकेका बाईला मापं घेऊन, शिकवून द्यायला वेळ कुणाला होता? त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी उरलेल्या टोप्या, मापाच्या कड्या आणि टोपीला लावायच्या जेलीच्या दोन ट्यूबा मला दिल्या. म्हणाल्या, लागेल तिला दे, नीट शिकवून दे. आमच्या डॉक्टरसाहेबांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, असले जुने चाळे फेकून द्या आणि केसेस आणा.

मी फेकले नव्हते. आणि आता नोंद न करता, साहेबांना न सांगता, घरच्यांना न विचारता, मी त्यातली एक प्रयागला दिली. माप घेतलं, उजेडात धरून पाहिली, पाणी भरून पाहिली, कुठे भोक नव्हतं. अभिमान वाटत होता मला, खोटं कशाला बोलू? वाटत होतं, हे आख्ख्या तालुक्यात फक्त मला येतं.

तिला शिकवायला तीन दुपारी गेल्या. चादरीमागे उकिडवं बसून, काठ चिमटीत दाबून, असं मागे आणि खाली. पहिल्या दिवशी तिच्या साबणाच्या बोटांतून ती टोपी सुटली आणि टणकन उडून कपाटावर आपटली. प्रयाग आधी घाबरली. मग हसायला लागली. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. बाईमाणसाला हसायला सोबत लागते हो, आणि मला ती त्या दिवशी मिळाली होती. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

त्या साली ती उसाला गेली नाही, अंगात ताकदच नव्हती. मुंजाजी धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. मीच तिला म्हणाले, बरंच झालं, तो येईपर्यंत रोज घालायची-काढायची सवय कर. हाताला वळण पडू दे. जेलीची ट्यूब तो आल्यावर ने, तोवर माझ्याकडे राहू दे. वापरली की साबणाने धुवायची, कोरडी करायची आणि वरून पीठ भुरभुरून डब्यात ठेवायची, म्हणजे रबर चिकटत नाही. ज्वारीचं नको, भरड असतं, तांदळाचं घे. हे सगळं मी सांगितलं. एकूण एक. आणि शेवटी तिला पोरींच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, की माझं नाव कुठे घ्यायचं नाही.

बघा, अजून मी कडेकडेनेच चालले आहे. नर्सबाईंना टोपीची माहिती सांगायला बरं वाटतं. पुढचं —

फाल्गुन होता. त्यांच्या घरी उडदाचे पापड करायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आमच्याकडे एकेका दिवशी एकेकीच्या घरी सगळ्यांनी मिळून लाटायचे असतात. लाट्यांना लावायला पीठ संपलं. प्रयाग शेणाच्या गवऱ्या आणायला मागे गेली होती. सासूला उतरंडीमागे चहापत्तीचा जुना डबा सापडला, उघडला तर पांढरंशुभ्र तांदळाचं पीठ. तिला वाटलं, सुनेने याच कामासाठी ठेवलं असेल. तिने मूठ घातली आणि मुठीत ती टोपी आली. आठ-दहा बायकांच्या देखत.

घरातल्या घरात असतं तर? या प्रश्नावर मी फार वर्षं घालवली. काही उपयोग नाही.

तासाभरात ते माझ्याकडे आले. सासू, मुंजाजीचे चुलते आणि मागे प्रयाग, मंगलला कडेवर घेऊन. गावात या चुलत्यांचा शब्द चालायचा, पंचायत समितीत त्यांची ऊठबस होती, आणि उपकेंद्राची ती खोलीही त्यांचीच होती. वर्षभरापूर्वी शेजारच्या गावातल्या नर्सला त्यांच्याच एका शब्दावर आठ दिवसांत पार पालमच्या टोकाला टाकलं होतं. प्रयागने घरी तोंड उघडलं नव्हतं. मारलं होतं तिला, गालावर बोटं दिसत होती. पण शपथ घातली होती ना मी. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हे मला नीट आठवतं. सुटले एकदाची, असा चेहरा होता. तिला वाटलं असणार, आता बाईच सांगतील.

चुलत्यांनी कागदातून ती वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. पिठाने माखलेली. काठावर मापाचा आकडा होता, तो मला माझ्या जागेवरूनही दिसत होता.

"बाई, ह्ये काय हाय?"

मी काय म्हणू शकले असते? माझी आहे. मी दिली आहे. तिच्या जिवासाठी दिली, परभणीच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. एवढंच. फार तर आरडाओरडा झाला असता, साहेबांकडे तक्रार गेली असती, माझी बदली झाली असती, नाहीतर नोकरी गेली असती. नोकरी गेली असती तर मी भावाच्या दारात. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि फार वेळ लागला नाही जायला. मी ती टोपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, जसं काही पहिल्यांदाच बघते आहे. आणि मी दोन वाक्यं बोलले.

"मूल राहू नये म्हणून बायका हे आत बसवतात. पण आमच्याकडे असलं मिळत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. ते बोलायची गरज काय होती? मला माहीत नाही म्हटलं असतं तरी ते लोक गोंधळून परत गेले असते. जादूटोणा म्हणाले असते, काहीही म्हणाले असते, कदाचित फेकून दिलं असतं. पण मला माहीत नाही असं म्हणणं माझ्या जिवावर आलं. नर्स होते ना मी. आणि मग दुसरं वाक्य. पाठीमागे कपाटात जेलीच्या ट्यूबा होत्या. माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर.

चुलत्यांनी ती माझ्या हातातून घेऊन परत कागदात गुंडाळली. मग सासूकडे न बघता म्हणाले, "मुंजा तर दिवाळीपासून कारखान्यावर हाय."

सासू खाली बसली. त्या बाईला मी पुढे पुष्कळ शिव्या घातल्या मनातल्या मनात, पण त्या क्षणी तिला खरंच काही कळत नव्हतं. ती सुनेकडे वळून पुन्हा पुन्हा विचारत होती, कुठून आणलीस, कुणी दिली, कोण हाय तो. आणि मग माझ्याकडे वळली. हात जोडले तिने मला. बाई, तुमी शिकलेल्या, तुमीच इचारा हिला, कुणाकडून आणली म्हणून.

प्रयाग माझ्याकडे बघत होती. अजून बघतच होती. मी नजर टेबलावर ठेवली. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, हापश्यावर बोलावं तसा.

"आत्याबाई, त्यायला कशाला इचारायलाव? त्यायला काय म्हाईत."

ऐकलंत? तिने मला सोडवलं. गालावर बोटं उमटलेली, कडेवर पोर, चार माणसांत अब्रू गेलेली, आणि ती मला सोडवत होती. आणि मी सुटले. मी ते घेतलं. कुणी उन्हात पाणी पुढे केलं की घ्यावं, तसं घेतलं.

इथे थांबले असते तर तुम्ही कदाचित म्हणाला असता, घाबरली बिचारी, एका क्षणाची गोष्ट. म्हणूनच पुढचं सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तिला माहेरी सोडायचं ठरलं, पालमच्या बाजूला. पोरी इथेच राहणार होत्या. पण त्या दिवशी गाडी आलीच नाही. नामांतरावरून बंद होता. ते दिवसच तसे होते, आज मोर्चा, उद्या बंद, कुठे तरी गाड्या अडवलेल्या. एस.टी. दोन दिवस सुटली नाही. माणसं पारावर बसून विद्यापीठाच्या नावावर तावातावाने भांडत होती, आणि प्रयाग गाठोडं बांधून सासरच्या ओसरीच्या कोपऱ्यात बसून होती. दोन दिवस. दोन आख्खे दिवस मला मिळाले होते आणि मधे वीस पावलं.

मी काय केलं त्या दोन दिवसांत? रजिस्टरं पूर्ण केली. कपाट आवरलं. पत्र्याचा डबा, कड्या, दोन्ही ट्यूबा, सगळं एका पिशवीत घालून गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकून आले. दिवसाढवळ्या, हातात लसीची पेटी घेऊन, म्हणजे कुणी विचारू नये. दोनदा चपला घातल्या त्यांच्या घरी जायला. एकदा तर हापश्यापर्यंत गेले. तिथे दोघी बायका होत्या, त्यांतली एक म्हणाली, बाई, तुमी होत्या म्हणून खरं कळलं. मी परत आले.

दुसऱ्या दुपारी प्रयाग पाण्याला आली. घागर लावली, आणि दांडा हाणता हाणता तिने माझ्या दाराकडे पाहिलं. बोलावलं नाही, खूण केली नाही. मी दारातच होते. मी आत झाले आणि दार लावून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून कडी हळूच सरकवली. हापश्याची कुरकूर ऐकत मी दाराला पाठ लावून उभी राहिले. घागर भरायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तो हापसा चालू होता.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. शोभाचं रडणं मला घरात ऐकू आलं. गाडीच्या मागे ती सडकेपर्यंत पळाली म्हणे, मी बाहेर येऊन पाहिलं नाही.

मुंजाजी चैत्रात परत आला. एक दिवस माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला. हात दाखवले, उसाच्या पात्यांनी चिरलेले. मी मलम दिलं. तो गेला नाही. मलमाची डबी या हातातून त्या हातात करत उभा राहिला. मला कळत होतं तो मलमाला आलेला नाही. बायको परत आणायला त्याला एक कारण हवं होतं, एवढंसं, कुणीतरी हातात ठेवावं इतकंच. तो विचारत नव्हता आणि मी सांगत नव्हते. शेवटी मी म्हणाले, दिवसातून दोनदा लावा. तो हो म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं. मला पत्रिका आली, अगदी आधी.

आणि तुम्हाला खरं सांगू? त्या प्रकरणानंतर गावात माझा मान वाढला. बाई सरळ आहेत, घरातलं असलं तरी झाकत नाहीत. बायका बसायला यायला लागल्या. पुढच्या मार्चला माझ्या केसेस सगळ्यांत जास्त झाल्या, साहेबांनी मीटिंगमध्ये उभं करून नाव घेतलं. आणि माझ्या दारात बसलेल्या त्या बायकांमध्ये मी इतकी एकटी झाले, की तेवढी मी नवऱ्याने टाकल्यावरही झाले नव्हते. त्यांच्यातल्या कुणाशीच मला हसता आलं नाही.

मी कधी माहेरी जाऊन तिला भेटले का? नाही. गाव माहीत होतं, गाडी माहीत होती. नुसतं कानावर यायचं. भावाच्या शेतात राबते, भावजय नीट वागवत नाही. एकदा कळलं की ऊसतोडीच्या टोळीत तिला कुणी जोडीला घेत नाही, नाव खराब म्हणून. मी टाकलेली बाई होते, मला त्यातला एकूण एक दिवस ठाऊक होता. सकाळी चुलीपुढे बसताना आपण पाहुणी की घरची, हे न कळणं — सगळं ठाऊक होतं. ते ठाऊक असून मी तिला तिथे पाठवलं. कुणी म्हणेल, तुम्ही नव्हे, त्यांनी पाठवलं. मी पण बरीच वर्षं असंच म्हणून पाहिलं.

मधे पंधरा वर्षं गेली. नामांतर झालं त्या सालचा उन्हाळा. माझी दोन बदल्यांनंतर पाथरीच्या बाजूला नेमणूक होती. सासूबरोबर एक पहिलटकरीण आली, सतराची असेल-नसेल. सातवा महिना, अंग सुजलेलं. सासू बाहेर गाडीवाल्याशी बोलत राहिली, मी पोरीला बाकावर घेतलं, पोट तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते. बाळंतपणाला माहेरी जाणार का म्हणून विचारलं, सगळ्यांनाच विचारते. ती म्हणाली, माहेरी कोण हाय? सावत्र माय हाय. आणि मग गाव सांगितलं.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रयागचीच हनुवटी. तेव्हा कडेवर होती ती मंगल.

तिनेही मला निरखलं होतं. आधीपासूनच बघत असावी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळू आवाजात म्हणाली, तिची सख्खी माय वाईट चालीची होती, घरात तिचं नाव काढू देत नाहीत, तिचा एक फोटोसुद्धा ठेवलेला नाही. सासरी कळू नये म्हणून मेली असंच सांगितलंय. हे बोलताना ती दाराकडे बघत होती, सासू येईल म्हणून. मग म्हणाली, "तुमी आमच्या गावाला व्हत्या म्हणं. बाई, तुमी माझ्या मायला वळखत व्हत्या का? कशी व्हती ती?"

बाहेर सासूचं बोलणं अजून चालू होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. माझी पन्नाशी जवळ आली होती, नोकरी पक्की होती, चुलते मरून चार वर्षं झाली होती. मला कुणाचीही, कशाचीही भीती उरली नव्हती.

मी नाही म्हणाले. मग कार्ड पुढे ओढलं आणि तिला तिचं वय विचारलं.